मनातलं मत आणि हिशेबाचं मत

'माणूस चांगला आहे, पण निवडून येणार नाही. मत कशाला वाया घालवतोस?' हे मी कितीतरी वेळा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर एकदोनदा स्वतःही दुसऱ्याला ऐकवलंय. त्यामुळे मतदान पद्धतींवर वाद निघाला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: इथे मनातलं नाव बिनधास्त देता येतं, की आधी आकडेमोड करावी लागते?

ज्याची मतं जास्त त्याची जागा, ही सगळ्यात सोपी पद्धत इथे सपशेल नापास. मोजणी झटपट, आपला प्रतिनिधी कोण ते स्पष्ट, हे मान्य. पण ब्रिटनचा २०२४ चा निकाल बघा. लेबर पक्षाला ३४ टक्क्यांहून कमी मतं आणि ६५० पैकी ४११ जागा. रिफॉर्म यूकेला १४ टक्के मतं, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट १२ टक्क्यांवर, जागा ७२! एकाची मतं देशभर विखुरलेली, दुसऱ्याची मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली, एवढाच काय तो फरक.

मग दोन फेऱ्या घ्या, पहिल्या फेरीतले वरचे दोघेच दुसरीत, म्हणजे पहिली मनासारखी आणि दुसरी हिशेबाची? फ्रान्समध्ये २००२ साली लोकांनी नेमकं तेच केलं. अध्यक्षपदाला १६ उमेदवार. समाजवादी जोस्पँ दुसऱ्या फेरीत पोचणारच, असं गृहीत धरून डावे मतदार आपापल्या आवडत्या छोट्या उमेदवारांकडे गेले. जोस्पँ तिसरे आले. कट्टर उजव्या ल पेन यांच्यापेक्षा सुमारे १ लाख ९५ हजार मतं कमी. त्या छोट्या डाव्या उमेदवारांपैकी एकट्या तोबिरांनाच ६ लाख ६० हजार पडली होती. मग ल पेन नकोत म्हणून त्याच डाव्यांनी नाक मुठीत धरून उजव्या शिराक यांना मत दिलं, आणि शिराक ८२ टक्क्यांनी जिंकले.

पसंतीक्रमाची पद्धत मला मनापासून आवडते. १, २, ३ लिहा. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. (ऑस्ट्रेलियात काही जण कंटाळून वरून खाली सरळ आकडे टाकत जातात. त्याला तिथे 'गाढव-मत' म्हणतात.) पण हीसुद्धा फसते. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत राइट, किस आणि मॉन्ट्रोल असे तिघे खरे दावेदार होते. मतपत्रिकांवरून दिसतं की मॉन्ट्रोल समोरासमोरच्या लढतीत बाकी दोघांनाही हरवत होते. पण पहिल्या पसंतीत तिसरे, म्हणून बाद! शेवटी किस यांनी राइट यांना ४३१३ विरुद्ध ४०६१ असं हरवलं. राइट यांच्या मतदारांपैकी अनेकांना किस नकोच होते. त्यांच्यातल्या थोड्यांनी जरी मॉन्ट्रोलना पहिलं स्थान दिलं असतं, तरी किस आले नसते. म्हणजे प्रामाणिकपणा नडला. पुढच्याच वर्षी शहराने ती पद्धत रद्द केली, बऱ्याच वर्षांनी परत आणली.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वात, म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीत, मत वाया जाण्याचा धाक बराच कमी असतो, पण तिथला युत्या-आघाड्यांचा हिशेब मतदानानंतर बंद दाराआड होतो आणि आपल्याला कोणी विचारत नाही. इस्रायलने २०१९ ते २०२२ मध्ये पाच निवडणुका घेतल्या. बेल्जियमला २०१० नंतर सरकार बनवायला ५४१ दिवस लागले.

सगळ्या दृष्टीने निर्दोष पद्धत नसतेच, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये गणिताने दाखवलंय. काही जण याचा अर्थ 'मग आहे तेच चालू दे' असा काढतात. मला तो निव्वळ आळस वाटतो.

माझं मत आयर्लंडच्या पद्धतीला: एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी आणि मतपत्रिकेवर पसंतीक्रम. मोजणी दिवसेंदिवस चालते, एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांचे पाय ओढतात, सगळं कबूल. पण तिथे सत्ताधाऱ्यांनी ती मोडून एकसदस्यीय मतदारसंघ आणायचा दोनदा प्रयत्न केला, १९५९ आणि १९६८ मध्ये. दोन्ही वेळा लोकांनी सार्वमतात नाही म्हटलं. १९५९ ला तर त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षाचीही निवडणूक होती. लोकांनी डी व्हॅलेरांना निवडून दिलं, आणि त्यांच्याच पक्षाचा हा प्रस्ताव तेवढा फेटाळला.