अर्जात त्रुटी आहे

जत्रा सहा दिवसांवर आली आणि नाटकाची वही वाळवीने खाल्लेली निघाली. पुठ्ठा तेवढा शाबूत होता. उघडला तर आत माती. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातले दोन-चार मिलिमीटर दरवर्षी देवळाच्या माळ्यावरच्या पेटाऱ्यात शिरत असावेत, आणि बाकीचं काम वाळवी बघत असावी.

नाटक आमच्या मास्तरांचं. मास्तर गेले, नाटक छापलं कधीच नाही. तालमी सुरू होत्या, पण अंदाजाने. म्हणजे बारा वर्षांपूर्वी हेच नाटक केलेली मंडळी आपापल्या आठवणीप्रमाणे बोलत होती आणि समोरच्याच्या आठवणीशी ते जुळत नव्हतं. राजा प्रधानाला विचारायचा युद्धाचं, प्रधान उत्तर द्यायचा राजकन्येच्या लग्नाचं. नव्या पोरांना तर आठवणीही नव्हत्या. ते नुसते हात जोडून उभे. सगळ्यांना नकला हव्या होत्या, आणि नकला उतरवायच्या कशावरून? मंडळाचा चिटणीस मी. प्रॉम्प्टरही मीच. नटाला वाक्य आपणहून आठवलं की मागोमाग ते विंगेतून ऐकू येतं, असा माझा पंचक्रोशीत लौकिक आहे. पण पाच तास विंगेत उभं राहायला दुसरं कोणी मिळत नाही, म्हणून पद टिकून आहे.

मग आठवलं. २००२ साली फोंड्याला एका डीटीपीवाल्याकडून मास्तरांनी सगळं नाटक टाइप करून घेतलं होतं. त्यांच्या घरी सीडी सापडली, नारळाच्या पावतीपुस्तकात. सीडी वाचणारं यंत्र आता गावात कोणाकडे नाही, ते शोधण्यात एक दिवस गेला. फाइल उघडली आणि पडद्यावर अवतरले एच, के, के, जे, आर, मध्येच एक कंस, मध्येच डॉलरचं चिन्ह. पहिल्या पानावर नमनाचा श्लोक होता हे मला माहीत होतं म्हणून मी हात जोडले.

त्या काळचे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे. एकूण जागा २५६, त्यात जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्या सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. फाँट गेला की मुखवटा गळतो आणि आतून साहेब बाहेर पडतो. सगळ्या लिप्यांना आपापली कायमची घरं देणारं युनिकोड खरं तर १९९१ सालीच आलं होतं, त्यात देवनागरीला १२८ घरांचा स्वतंत्र वाडाही मिळाला होता, पण ही बातमी फोंड्याच्या त्या दुकानापर्यंत २००२ सालीही पोचली नव्हती. आणि तो विशिष्ट फाँट दुकानाबरोबरच बंद पडला होता. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

वाड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. सभासद २१४. पाच मिनिटांत एकोणीस जोडलेले हात, दोन गुलाब आणि ‘ताजे बांगडे आयले, आठाचेर कोपऱ्यार’ असा एक निरोप. बांगडे चांगले निघाले, ते सोडा.

भाची कॉलेजात शिकते. ती म्हणाली, “मामा, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे मदत-समूह असतात. जगभरची माणसं फुकट मदत करतात.” फुकट या शब्दावर माझा विश्वास बसला नाही. मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत. पगार घेऊन आम्ही कुणाला वेळेवर काही दिलं नाही, तर बिनपगारी माणूस कशाला देईल?

तरी अर्ज लिहिला. सविनय, सादर, विषय, संदर्भ, सगळं इंग्रजीत. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत ‘अर्जंट’, पुढे तीन उद्गारचिन्हं. भाचीने ते खोडलं. म्हणाली, “अर्जंट लिहिलं की लोक चिडतात.” मी म्हटलं, “आमच्याकडे अर्जंट लिहिलं की फाइल निदान वरून तिसऱ्या नंबरावर यायची.” मग श्रीदेवीची कृपा, मास्तरांचं कार्य आणि गावाची परंपरा हे तीन परिच्छेदही तिने खोडले. उरल्या दोन ओळी आणि पडद्याचा फोटो.

रात्री साडेबाराला उत्तर आलं. उत्तर कसलं, प्रश्न. एक जर्मन माणूस. त्याचं ऑफिस सुटून, जेवण होऊन तो बसला होता. तिथे थंडीच्या दिवसांत घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. त्याने विचारलं: प्रणाली कोणती? प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती? काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं? मूळ फाइल का जोडली नाही?

मी वाचलं आणि एकतीस वर्षं माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली सगळी माणसं मला दिसली. जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणलात, पण नकाशा कुठे? नकाशा आणलात, पण सही कुठे? उद्या या.

मी कळवलं की कॉम्प्युटर काळ्या रंगाचा आहे. भाची झोपली होती.

सकाळी पोदेर भोंगा वाजवत गेला तेव्हा मी पाव घ्यायच्या आधी फोन बघितला. जर्मनाने माझ्या उत्तराबद्दल आभार मानून, आवृत्ती कुठे लिहिलेली असते ते बाण काढून दाखवलं होतं. न चिडता. मी माझ्या कारकिर्दीत एकदाही कुणाला बाण काढून दाखवला नाही.

दुपारी ब्राझीलचा माणूस आला. त्याने प्रोफाइलवर गोवा वाचलं आणि खुशीत येऊन पानभर पोर्तुगीज लिहिलं. आता गोव्यात १९६१ नंतर जन्मलेल्याला पोर्तुगीज म्हणजे आजीच्या शिव्यांपुरती. यंत्राकडून भाषांतर करता आलं असतं, पण शेजारचे भाई पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगिजांच्या हायस्कुलात, शिकलेले, वय शहाऐंशी, त्यांचा मान. भाईंनी आधी बनियनवर शर्ट चढवला. वाचताना ओठ हलत होते. मग चष्मा काढला आणि म्हणाले, “हें आमचें पोर्तुगेज न्हय. ब्राझिलाचें. उच्चार बिघडला आसतलो.” कागदावर उच्चार कुठून दिसला देव जाणे. मजकूर एवढाच निघाला की त्यालाही यातलं काही येत नाही, पण असा प्रश्न कोणाला येतो ते तो शोधतो आहे. भाईंनी स्वहस्ते उत्तर लिहिलं, दीड तास. त्यात नाटकाचा उल्लेख नव्हता; पाऊस कसा आहे, तुमच्याकडे काजू होतात का, काजू मूळचा तुमच्याकडचाच, असं होतं. मी ते जसंच्या तसं टाकलं. दोघांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

ब्राझीलने शोधलेला माणूस निघाला कोइंबतूरचा. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, तमिळ सोडून भारतातल्या एकाही लिपीत त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नसावं, पण कुठलं अक्षर कुठल्या घरात राहतं ते पाठ. त्याने फाइल मागितली, जुन्या छापील जत्रापत्रिकेचा फोटो मागितला (तीही त्याच दुकानात झालेली), आणि दोन्ही जुळवून तक्ता बनवायला बसला. इंग्रजीचं हे अक्षर म्हणजे अर्धा भ, हे म्हणजे काना. दोन रात्री. मी मध्येमध्ये ‘झालं का?’ विचारत होतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर जर्मनाने नम्रपणे लिहिलं की हा मुलगा उद्या परीक्षेला बसतो आहे. मग मी दोन तास विचारलं नाही.

पहिला मसुदा आला. मराठी! डोळ्यांत पाणी आलं, ते पुसून वाचायला घेतलं. पहिलाच प्रवेश. राजाच्या नोकराचं नाव शिवा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडात ती अक्षराच्या मागाहून येते, कारण आपण आधी श म्हणतो आणि मग इ. तक्त्यात ही अदलाबदल राहिली होती. त्यामुळे वेलांटी एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी लटकलेली आणि पुढे शवा. शिवातला इकार काढला की शव उरतं, हे कीर्तनात ऐकलं होतं, पण शवाने पाण्याचा तांब्या घेऊन प्रवेश केल्याचं पहिल्यांदाच वाचत होतो. ‘अरे शवा, झोपलास की काय?’

पोराने परीक्षा देऊन आल्या आल्या वेलांट्या जागच्या जागी बसवल्या. बसमधून. शिवा जिवंत झाला. जत्रेला दीड दिवस उरला होता. मी छापायला पळालो, नकला वाटल्या, आणि मंडळी पाठ करायला लागली.

त्याच रात्री जर्मनाचा पुन्हा प्रश्न. त्याला मराठीचं एक अक्षर येत नाही, पण नजर सोनाराची. त्याने दोन चित्रं मोठी करून पाठवली होती. एकात र हा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आकड्यासारखा बसलेला, दुसऱ्यात य च्या अलीकडे आडवा, भुवईसारखा. ‘आम्ही दोन्ही एकच धरले आहेत. हे बरोबर आहे ना? की यात फरक असतो?’

रात्रीचा एक वाजला होता. मंडपवाला पैशांसाठी बसला होता, पेटीवाल्याची गाडी म्हार्दोळला बंद पडली होती, आणि या माणसाचे प्रश्न संपत नव्हते. मी अंगठा दाखवला. मान्य. फाइल बंद.

जत्रेच्या रात्री पालखी आली, पावणी (देवीला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव) झाली, बायका अबोलीचे वळेसर माळून खुर्च्या धरून बसल्या, खाज्यांची पुडकी सुटली आणि साडेबाराला पडदा वर गेला. पहिले दोन अंक झकास. तिसरा अंक कुठल्याच गावात तालमीला पुरत नाही, आमच्याही नाही. मी विंगेत, हातात लॅपटॉप, खिशात फोन.

तिसऱ्या अंकात शिकारीहून परतलेला राजा भुकेने कासावीस होतो आणि स्वयंपाक्याला बोलावतो. उजव्या विंगेत आमचा आचारी हातात भला थोरला डाव घेऊन केव्हापासून तयार. राजा रंगमंचाच्या मध्यावर आला, तलवार टेकली, आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी बावीस वर्षं ओळखतो. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर होतो. पडद्यावर दिसलं ते खणखणीत कुजबुजलो: “आचार्यांना बोलवा!”

“आचार्यांना बोलवा!” राजा गरजला.

द्वारपाल नवा पोरगा. धावत गेला. आचार्य मागच्या बाजूला दाढी हनुवटीखाली ओढून मिरचीभजी खात बसले होते. या अंकात त्यांचं कामच नव्हतं. पण नाव पुकारलं की आत जायचं, एवढी शिस्त आमच्या मंडळात आहे. आले. एका हातात कमंडलू, दुसऱ्या हातात अर्धं भजं.

राजाला पुढचं वाक्य मात्र नेमकं पाठ होतं. “आज काय शिजवलंस रे, हरामखोरा?”

मंडप गप्प. उजव्या विंगेतून डाव अर्धा बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. आचार्यांनी सावकाश भज्याकडे पाहिलं, मग राजाकडे. मराठीचे निवृत्त शिक्षक ते. म्हणाले, “तुझ्या कर्मात आहे ते, राजा,” आणि भजं त्याच्या हातावर ठेवलं. शिट्ट्या पडल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी ‘वन्समोअर’ ओरडलं.

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. आचाऱ्यांना बोलवा, असं मास्तरांनी लिहिलेलं. पुढे दऱ्या होत्या, त्याही दर्या झाल्या होत्या. म्हणजे थोड्या वेळाने राजा घोड्यावरून समुद्र ओलांडणार होता. सगळ्या नकलांत. नखाने पडद्यावर खरवडून काही होत नाही, तरी मी खरवडलं.

खिशात फोन थरथरला. जर्मनी.

‘त्रास देतो, माफ करा. परवा तुम्ही अंगठा दाखवलात, पण मला खात्री वाटेना म्हणून मी थोडं वाचलं. त्या दोन र मध्ये अर्थाचा फरक पडू शकतो असं दिसतं. तुमच्या नाटकात तसे शब्द आहेत का?’

मी अंधारात उभ्याउभ्या एका बोटाने टाइप केलं, ‘आहेत.’ आणि मान वर केली तर राजा पुन्हा माझ्याकडेच बघत होता.