मामा, गॅस बंद ठेवा

‘स्वस्तातली कुऱ्हाड दहा मिनिटांत वस्तरा’ हा फॉरवर्ड ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आता मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलंय, ‘रविवारी करून बघतो.’ म्हणून रविवारच्या आत हे लिहिणं आलं.

त्यातला पहिलाच सल्ला: पातं गॅसवर लाल करून बर्फाच्या पाण्यात टाका, पोलाद ‘दुप्पट कडक’ होतं. पोलादाला पाणी द्यायला, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करायला, ते सगळीकडून सारखं, निदान साडेसातशे अंशांच्या वर तापावं लागतं. शेगडीवर पातळ धार लाल होईल, मागचा जाड भाग नाही. अशा अर्धवट तापलेल्या लोखंडाला बर्फाचं पाणी म्हणजे तडा जायला आमंत्रण. समजा पाणी बसलंच, तर ती धार कडक पण ठिसूळ. लोहार तिला पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा उतरवतो. फॉरवर्डमध्ये ती पायरीच नाही! मग पहिल्या घावाला कपचा उडणार, आणि तोही डोळ्यांच्या दिशेने. पातं साध्या माइल्ड स्टीलचं (कमी कार्बनच्या मऊ पोलादाचं) असेल तर असं करून काहीच मिळणार नाही, आणि वरचा रंग जळून धूर होईल तो वेगळाच.

पातं मुळात कसं आहे ते कानशीने कळतं. धारेजवळ नवी कानस नुसती घसरली तर ते फार कडक. जरा जोर लावून खाल्लं तर छान. सहज खाल्लं तर मऊ, धार वारंवार लावावी लागेल.

दुसरा सल्ला: धार ग्राइंडरवर लावा. धार पातळ असल्याने चाकाखाली काही सेकंदांत तापते. पिवळसर झाली तर थांबा. निळी झाली म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास गेली, तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. निळा रंग पॉलिश पेपरने जातो, मऊपणा जात नाही. तेवढा भाग कानसून काढावा लागतो. अमेरिकेच्या वनसेवेने १९९९ साली कुऱ्हाडीवर पुस्तिका काढली, तीही हातकानशीचाच आग्रह धरते.

पद्धत अशी. पातं वाइसमध्ये घट्ट धरा, हातमोजे घाला, कुठे घासलं जातंय ते कळायला धारेवर मार्करने रेघ ओढा. दहा इंची चपटी कानस पुढे ढकला, परत आणताना उचला. दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन तीस अंश पुरे. वस्तऱ्याइतकी बारीक धार सुक्या बाभळीवर वळते. स्वस्त पात्याचे गाल, म्हणजे धारेमागच्या दोन्ही बाजू, जाड असतात, तेही धारेपासून सेंटिमीटरभर मागे उतरवा. पलीकडे बर (धातूची बारीक खरखरीत कड) उठली की ऑइलस्टोन, म्हणजे तेल लावून घासायचा दगड, फिरवा: आधी खरखरीत, मग बारीक.

तिसरा सल्ला: पातं सैल असेल तर कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवा. हे अर्धं खरं, मान्य. दांडा फुगून घट्ट बसतो. पण लोखंडी नेढ्यात (दांडा बसतो त्या भोकात) लाकूड दबतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं. ठाण्याच्या पावसात घट्ट वाटलेली कुऱ्हाड मार्चमध्ये हलते ती याचमुळे. पातं खाली, जमिनीला न टेकता लोंबतं राहील अशी कुऱ्हाड उभी धरा, दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी हातोडी मारा, मग सुकी पाचर ठोका.

दांड्यावरच्या व्हार्निशने हात सोलतात. ते खरवडून जवसाचं तेल चोळा. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतं. दोरीवर पसरून वाळवा.