‘डोळे झाकून पहिली रांग घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लांबच्या विमानप्रवासाला कुणी निघालं की एक मेसेज हमखास फिरत येतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. समोर भिंत असलेली पहिली रांग किंवा एक्झिटची रांग मिळाली तर डोळे झाकून घ्या, घरातल्या वयस्कर माणसांसाठी तर नक्कीच. पंखावरची सीट सगळ्यांत शांत आणि स्थिर. झोपायचं असेल तर खिडकीच. आणि शेवटच्या रांगा सगळ्यांत सुरक्षित, शिवाय बहुतेक वेळा रिकाम्या.

मीही हा मेसेज खरा मानला होता. त्यावर विसंबून आईसाठी चौदा तासांच्या फ्लाइटमध्ये जादा पैसे भरून पहिल्या रांगेतली सीट घेतली. ती उतरली तेव्हा पाय सुजले होते आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. तेव्हापासून दोन आइल (सीटांमधल्या चालायच्या वाटा) असलेल्या मोठ्या विमानांचे सीट मॅप मी बारकाईने बघत आले आहे. या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य थोडं खरं आहे, म्हणूनच ते फसवतं.

‘पहिली रांग किंवा एक्झिटची रांग डोळे झाकून घ्या’

खरं एवढंच की समोरचा माणूस सीट मागे टाकून तुमच्या गुडघ्यांवर येत नाही. पण पाय लांब करता येतीलच असं नाही. साध्या रांगेत आपण पावलं समोरच्या सीटखाली सरकवतो. भिंतीखाली तशी जागा नसते. भिंत किती लांब आहे हे प्रत्येक विमानात वेगळं असतं, आणि ती जवळ असेल तर उंच माणसाचे गुडघे चौदा तास वाकलेलेच राहतात.

समोर सीट नाही म्हणजे जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात दुमडून ठेवलेला असतो. त्यामुळे तो दांडा जाड होतो, वर उचलता येत नाही आणि सीटची रुंदी थोडी खातो. शेजारची सीट रिकामी राहिली तरी तिच्यावर पसरता येत नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, सगळं डोक्यावरच्या कप्प्यात जातं. आईची औषधं, चष्मा, शाल सगळं वर गेलं आणि बेल्टचा दिवा विझेपर्यंत तिला त्यातलं काहीच मिळालं नाही. आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटते, सत्तरीतल्या माणसाला वाटत नाही.

बाळाचा पाळणा अडकवायची सोय याच भिंतीवर असते, म्हणून तान्ही बाळं घेऊन निघालेल्या आईवडिलांना याच जागा दिल्या जातात. बाळं रडतात, त्यांचे कान दुखतात, यात त्यांचा काहीच दोष नाही. पण ज्याला झोप हवी आहे त्याला हे आधी सांगायला हवं. भिंतीपलीकडे पुष्कळदा टॉयलेट किंवा गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) असते. पाय ताणायला लोक तिथेच येऊन उभे राहतात, आणि काही जण पलीकडच्या आइलला जायला तुमच्या पायांवरूनच वाट काढतात. आईला झोप लागली नाही ती मुख्यतः यामुळे.

एक्झिटच्या रांगेत पाय खरोखर मोकळे होतात. मात्र दाराजवळ गारठा जाणवतो. काही विमानांत दाराच्या आतला फुगवटा, ज्यात आपत्कालीन घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते, नेमका खिडकीकडच्या सीटसमोर येतो. मेसेजमधली सर्वांत चुकीची गोष्टही इथेच आहे. या रांगेत बसणाऱ्याने संकटात क्रूला मदत करायची असते. लहान मुलं, गरोदर बाई, चालायला आधार लागणारी व्यक्ती यांना तिथे बसू देत नाहीत, आणि पैसे भरले असले तरी क्रू त्यांना उठवून दुसरीकडे बसवू शकतो. गुडघे दुखणाऱ्या वडिलांसाठी ही सीट घ्या असं सांगणं म्हणजे त्यांना विमानात चढल्यावर जागा बदलायला लावणं.

‘पंखावरची सीट सगळ्यांत शांत आणि स्थिर’

स्थिर, हो. विमान हेलकावे खातं ते त्याच्या गुरुत्वमध्याभोवती, आणि तो पंखांच्या जवळपास असतो. सी-सॉच्या मध्यावर बसलेल्याला कमी झोके बसतात, टोकावरच्याला जास्त, तसंच हे. शेपटीकडे डावी-उजवी डोलही जास्त जाणवते.

शांत मात्र नाही. इंजिनं पंखांखालीच टांगलेली असतात. त्यांच्या पुढच्या बाजूला आवाज कमी, मागच्या बाजूला जास्त. मेसेजने दोन वेगळे गुण एकाच सीटला चिकटवले आहेत. दोन्ही बऱ्यापैकी हवे असतील तर इकॉनॉमीचा जो भाग पंखाच्या किंचित पुढे येतो तिथली रांग बघावी. पंखावर खिडकी घेतली तर खाली पंखच दिसतो, हे वेगळं.

स्थिर सीट मिळाली म्हणून बेल्ट सोडून बसणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं बोइंग ७७७ हवेच्या खळबळीत सापडलं. ४.६ सेकंदांत ते १७८ फूट खाली आलं, आणि बेल्ट न लावलेली माणसं आधी वर उडाली, मग खाली आदळली. सीट कुठलीही असो, झोपतानाही बेल्ट पांघरुणाच्या वरून लावा, म्हणजे क्रूला तो दिसतो आणि तपासायला तुम्हाला उठवावं लागत नाही.

‘झोपायचं असेल तर खिडकीच’

खिडकीला डोकं टेकता येतं आणि कुणी तुम्हाला ओलांडून जात नाही, हे दोन्ही बरोबर. पण मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एका आइलचं छोटं विमान असावं. मोठ्या विमानात एका रांगेत बाक तीन असतात, दोन कडेचे आणि दोन आइलमधला एक, आणि सगळं गणित बदलतं.

मांडणी ३-३-३, म्हणजे प्रत्येक बाकावर तीन सीट, आहे असं समजा. एअरबस ए३५० आणि बोइंग ७८७ मध्ये बहुधा हीच असते. समजा, प्रत्येक प्रवासी रात्रीत तीनदा उठतो. कडेच्या बाकावर आइलला बसलेल्याला आतल्या दोघांसाठी वाट द्यावी लागते: सहा वेळा जाताना, सहा वेळा परतताना, म्हणजे बारा वेळा. मधल्या बाकावर आइलला बसलेल्याच्या शेजारी फक्त एकच जण अडकलेला असतो आणि त्याला दोन्हीकडून बाहेर पडता येतं. तो निम्म्या वेळा दुसऱ्या बाजूने गेला तर तुमच्या वाट्याला तीनच खेपा येतात. दोन्ही आइल सीटच, बुकिंगच्या पडद्यावर एकाच रंगात दिसणाऱ्या. एक बारा वेळा उठवते, दुसरी तीन.

बऱ्याच ७७७ विमानांत ३-४-३ असते. तिथे मधल्या चारांतला प्रत्येक जण आपल्या जवळच्या आइलने जातो, म्हणून मधल्या बाकावरच्या आइलवाल्याला सहा खेपा आणि कडेच्या आइलवाल्याला त्या बाराच. ए३३० ची नेहमीची मांडणी २-४-२. तिथे कुणालाच एकापेक्षा जास्त माणूस ओलांडावा लागत नाही. जोडप्याने तर कडेचा दोनांचा बाक घ्यावा, त्याच्याइतकं सुख इकॉनॉमीत क्वचित मिळतं. ३-४-३ च्या ७७७ मध्येही शेपटीकडे विमान निमुळतं होतं तिथे शेवटच्या काही रांगांत कडेचा बाक दोनांचा होतो आणि खिडकीपाशी हातभर जागा सुटते. मागे बसायचं माझ्या मते हे एकच चांगलं कारण.

खिडकीतल्या झोपेची दुसरी बाजू तब्येतीची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून लांब प्रवासानंतर शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. ही वाढ धरूनही निरोगी माणसासाठी धोका लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक. तो फक्त विमानातच नाही, रेल्वे-बसमध्येही तसाच आहे, कारण मूळ मुद्दा तासन् तास न हलण्याचा. खिडकीत बसलेला माणूस दोघांना उठवायला लाजतो, कमी पाणी पितो आणि बसून राहतो. ज्यांना आधी गुठळीचा त्रास झाला आहे, नुकती शस्त्रक्रिया झाली आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि आइल घ्यावी. तिथे जाणाऱ्या-येणाऱ्यांचे आणि ट्रॉलीचे धक्के कोपराला बसतात, पण मनात आलं की उठता येतं.

आणि खिडकीचा पडदा आपल्या हातात असतो असं समजत असाल तर ७८७ मध्ये पडदाच नसतो. काच बटणाने गडद होते आणि क्रूला सगळ्या खिडक्या एकदम गडद करून तशाच ठेवता येतात.

‘शेवटच्या रांगा सगळ्यांत सुरक्षित’

याला थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या टाइम नियतकालिकाने २०१५ मध्ये पस्तीस वर्षांतल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. विमानाच्या मागच्या एक-तृतीयांश भागात मृत्यूचं प्रमाण ३२ टक्के, मधल्या भागात ३९, पुढच्या भागात ३८. पण ज्यात काही जण वाचले, काही गेले आणि कोण कुठे बसलं होतं हे माहीत होतं असे अपघात हाताला लागले अवघे सतरा. एवढ्यावर चौदा तासांची सीट ठरवायची?

एकेक अपघात बघितला की उत्तर उलटसुलट होतं. १९८५ मध्ये जपानमध्ये कोसळलेल्या ७४७ मधल्या ५२४ पैकी चौघी वाचल्या, चौघीही मागे बसलेल्या. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० आदळलं, तिथे वाचलेल्यांत बरेच जण पंखाच्या पुढच्या रांगांतले होते. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ७७७ ची शेपटी धावपट्टीआधीच्या बांधावर आपटली आणि मृत्यू झालेल्या तिघी मागच्या भागातल्या होत्या. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या अपघातात ७८७ मधला एकच प्रवासी वाचला, तो ११ए वर, म्हणजे बराच पुढे, एक्झिटजवळ. लगेच ‘११ए घ्या’ असे मेसेज फिरू लागले. इतक्या घरांत माणसं गेलेली असताना त्यातून सीटचा नंबर काढणं मला सहन झालं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेडा विमानतळावर ए३५० पेटलं आणि त्यातले सगळे ३७९ जण बाहेर पडले. त्यांत पुढचे होते, मधले होते, मागचे होते. सामान सोडून क्रूच्या सांगण्याप्रमाणे निघाल्यामुळे ते वाचले. आपल्या हातात आहे ते एवढंच: बसल्याबरोबर पुढचं आणि मागचं जवळचं दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवणं, कारण धुरात दिसत नाही, मोजता येतं.

रिकाम्या सीटचं म्हणाल तर विमान भरलेलं असेल तेव्हा मागच्या रांगाही भरतात. सीट मॅपवर मोकळी दिसणारी जागा खरोखर मोकळी असतेच असं नाही, कंपनी काही जागा शेवटपर्यंत राखून ठेवते.

जे मेसेजमध्ये नाहीच

आधी विमान बघा, मग सीट. ३-४-३ च्या ७७७ मध्ये सीट साधारण १७ इंच रुंद, ३-३-३ च्या ए३५० मध्ये साधारण १८ इंच. खांद्याला एक इंच, तोही रात्रभर. ए३५० आणि ७८७ मध्ये आतल्या हवेचा दाब सुमारे ६,००० फुटांवरच्या हवेसारखा ठेवतात. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो. दम लागणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कुठल्याही रांगेपेक्षा हा फरक मोठा आहे.

आईच्या परतीच्या प्रवासाला मी ७७७ मध्ये मधल्या बाकाची ३४डी घेतली होती. आदल्या रात्री सहज सीट मॅप उघडला तर विमान बदललेलं. नंबर ३४डीच होता, पण नव्या विमानात त्या रांगेसमोर भिंत होती. ३६डी मोकळी होती, ती घेतली. पिशवी पायाशी राहिली, आणि शेजारच्या मुलीने तिला एकदाच उठवलं.