दोन किलो भडंगाला पाच किलोचे पैसे का?

दोन किलो गूळ आणि दोन किलो भडंग कुरिअरच्या एकाच काउंटरवरून मुंबईला एकाच पत्त्यावर पाठवून बघा. गुळाला दोन किलोचे पैसे लागतील, भडंगाला बहुतेक पाच किलोचे. यावरून आपल्या कोल्हापुरात काउंटरवर रोज वाद होतात. माझं मत विचाराल तर वाद घालणारी बाईही खोटी नसते आणि तिथला पोरगाही. दराचा हिशोब कुणी कुणाला समजावत नाही, हे खरं दुखणं आहे. तो हिशोब प्रत्येक काउंटरवर मोठ्या अक्षरात लावलेला असला पाहिजे आणि आपण तो मागून घेतला पाहिजे, एवढ्यासाठी ही लांबलचक पोस्ट.

आमच्या बचत गटातल्या बायका कांदा-लसूण चटणी, भडंग, चपला बाहेरगावी पाठवतात. परवा गटातल्या एक मावशी काउंटरवर म्हणाल्या, "काट्यावर दोनच किलो दिसतंय की रं बाळा, मग पाचाचं पैसं कसलं?" त्यानं सांगितलं, "मावशी, खोकं मोठं हाय." उत्तर बरोबर होतं, पण अर्धं. पुढचं अर्धं असं आहे. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. येईल तेवढे किलो. मावशींचं खोकं ४० बाय ३० बाय २० होतं, म्हणजे २४,००० भागिले ५०००, बरोबर ४.८ किलो. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. काट्यावरचं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात आणि पुढच्या अर्ध्या किलोला नेऊन ठेवतात. झाले पाच किलो.

यात लबाडी नाही. भडंगाची खोकी भरलेली गाडी वजनाची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी जागेनं भरते, आणि डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार सगळा त्या जागेतूनच काढायचा असतो. पण काही ठिकाणी ५००० च्या जागी ४००० ने भागतात. तेच खोकं तिथं सहा किलोचं होतं. हा आकडा बिल व्हायच्या आधी कळला पाहिजे, आणि तो विचारणं आपला हक्क आहे.

एकदा हे समजलं की पॅकिंगकडे बघायची नजरच बदलते. चपलेचा जोड दुकानाच्या खोक्यात, ३२ बाय २० बाय १२ मध्ये घातला तर दीड किलोच्या जरा वर जातो आणि बिल दोन किलोचं होतं. तोच जोड तळव्याला तळवा लावून, मध्ये कागद घालून, जाड पुठ्ठ्यात घट्ट गुंडाळला की ३० बाय १२ बाय ८ मध्ये मावतो. मग काट्यावरचं सातशे ग्रॅम वजनच मोठं ठरतं आणि बिल एक किलोवर येतं. माल तोच, पत्ता तोच, फरक नुसत्या पुठ्ठ्याचा.

आता अंतराचं बघा. आपल्याला वाटतं जवळ म्हणजे स्वस्त. पण बऱ्याच कुरिअरचं दरपत्रक गाव, राज्य, मोठी शहरं, उरलेला देश आणि शेवटी ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर अशा टप्प्यांवर चालतं. त्यामुळं कागल ओलांडून निपाणीला पाठवलेलं पार्सल परराज्यातलं ठरतं आणि आठशे किलोमीटरहून लांब असलेलं नागपूर राज्यातलं. सीमाभागात नातीगोती आणि धंदा असलेल्या आपल्या जिल्ह्याला हे फार झोंबतं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून, त्यात बेळगाव आहे. चपलेला जी रेघ आडवी आली नाही ती तिच्या पार्सलला आडवी येते. टपाल खात्याच्या स्पीड पोस्टचे टप्पे मात्र किलोमीटरवर आहेत. स्थानिक सोडलं तर पहिला टप्पा २०० किलोमीटरपर्यंतचा, त्यात निपाणी आणि बेळगाव दोन्ही बसतात. सीमेपलीकडं काही पाठवायचं असेल तर आधी पोस्टात दर विचारा, हे मी सगळ्यांना सांगते.

पोहोचण्याच्या बाबतीतही पोस्टाला तोड नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि आज खासगी कुरिअरसुद्धा त्याच सहा आकड्यांवर चालतात. पण एका पिनकोडाखाली बरीच गावं आणि वाड्या येतात. कुरिअरच्या वेबसाइटवर "सेवा उपलब्ध" दिसतं ते पिनकोडाला, तुमच्या वाडीला नव्हे. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड, आजरा भागातल्या लोकांना हे रोजचं आहे. फोन येतो, "तालुक्याला येऊन घेऊन जा." पोहोच दारापर्यंतची विकत घेतलेली असताना माणसानं अर्धा दिवस मोडून एसटीनं का जायचं? तिथवर जायला जास्त खर्च येतो हे मान्य. मग तो बुकिंगच्या वेळीच सांगा आणि घ्या, पण पैसे दाराचे घेऊन माल नाक्यावर ठेवू नका.

पुण्या-मुंबईला रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर पार्सल टाकायची आपल्याकडं जुनी सवय आहे. स्वस्त पडतं, सकाळी पोहोचतंही. फक्त पलीकडच्या माणसाला पहाटे स्टॉपवर उभं राहावं लागतं, आणि बऱ्याचदा हातात एक चिठ्ठी किंवा ड्रायव्हरचा नंबर यापलीकडं काही नसतं. किमती माल असा पाठवू नये असं मला ठामपणे वाटतं.

कारण माल हरवला की सगळं पावतीवर येऊन थांबतं. पावतीवर मालाच्या किमतीचा रकाना असतो आणि आपले लोक तो कोरा सोडतात, किंवा जास्त पैसे पडतील म्हणून मुद्दाम कमी आकडा सांगतात. कॅरेज बाय रोड कायदा, २००७ यात कुरिअरवालेही येतात. किंमत जास्त सांगून तिचं वेगळं शुल्क भरलं नसेल तर त्यांची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. म्हणजे दीडशे रुपये भाडं भरून चार हजारांची साडी पाठवली आणि ती गहाळ झाली तर जास्तीत जास्त दीड हजार. स्पीड पोस्टात तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यातलं जे कमी ते. म्हणून किंमत खरी लिहा, विमा विचारा, खोकं बंद करताना आतल्या मालाचा आणि लेबलचा फोटो ठेवा. आणि तोंडी भांडणात महिने घालवू नका. रस्त्यानं गेलेल्या मालासाठी बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली नाही तर पुढं दावाच उभा राहत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, ती मराठीत बोलते.

घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. कॅश ऑन डिलिव्हरीनं मागवायचं आणि पार्सल दारात आल्यावर "नको" म्हणायचं, याचा भुर्दंड कंपनीला पडत नाही. जाण्याचं भाडं आणि परत येण्याचं भाडं, दोन्ही त्या घरगुती चटणी करणाऱ्या बाईच्या खिशातून जातं, आणि आठ-दहा दिवस फिरून आलेलं पाकीट तिला पुन्हा विकताही येत नाही. नको असेल तर पार्सल निघायच्या आधी फोन करून सांगा, ती काही म्हणणार नाही.

तुम्ही जिथून पार्सल पाठवता तिथं कितीनं भागतात, ५००० की ४०००, ते खाली लिहा. गावाचं नावही टाका. पन्नासेक ठिकाणचे आकडे जमले तर गटातल्या बायकांसाठी तक्ता करून भिंतीवर लावणार आहे, आणि तसाच एक त्या काउंटरवरही लावा म्हणून मागणार आहे.