दूध पुरतंय का गं?

परवा जुळे सोलापुरात ओळखीतल्या एका पोरीला बघायला गेले. पहिलटकरीण, सिझर, अकरावा दिवस. खोलीत आम्ही सहा बायका, आणि पंधरा मिनिटांत "दूध पुरतंय का गं?" हे तिला चारदा विचारून झालं. एकीनं तर तोंडात पेढा असताना विचारलं. पोरगी दर वेळी "होय, पुरतंय की" म्हणायची आणि बाळाकडे बघायची, त्यानं आत्ताच रडून साक्ष फिरवू नये म्हणून. तिची झोप किती झाली, टाके दुखतात का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

या प्रश्नावर माझा जुना राग आहे. कुठून आला ते सांगते.

माझं बाळंतपण दोन वर्षांपूर्वीचं, मे महिन्यातलं. माझंही सिझरच. दुसऱ्या रात्री बाळ सारखं रडायला लागलं. जन्मलं तेव्हा २ किलो ८०० भरलेलं, आता दोनशे ग्रॅम उतरलेलं. कुणीतरी येऊन बघितलं, "दूधच नाही हिला, वरचं चालू करा," म्हणालं आणि निघून गेलं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरतं, दोन आठवड्यांत ते भरून येतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाचे पाय धरले असते. सासूबाई दाराशी पावडरच्या डब्याचं बोलत होत्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

शेजारच्या खाटेवर पूर्व भागातली एक बाई होती. तेलुगू बोलणारी, विड्या वळणारी, तिसरं बाळंतपण. स्वतःचं बाळ कडेवर घेऊन ती उठून माझ्यापाशी आली. न विचारता माझ्या खाटेवरची चादर घेतली, चौघडी करून माझ्या बगलेत कोंबली, म्हणजे बाळ टाक्यांवर येणार नाही. मग म्हणाली, "अक्का, नुसतं तोंड लावू नको. पोटाला लाव." बाळाचं आख्खं अंग तिनं माझ्याकडे वळवलं. ओठाला जरा घासलं आणि माझा हात धरून ठेवला, "थांब, थांब, तोंड मोठं करू दे." बाळानं जांभईएवढं तोंड उघडलं तसं तिनं झटकन हनुवटीकडून पुढं केलं. पहिल्यांदाच मला दुखलं नाही. बाळाचा घोट ऐकू आला. तो पिवळा चीक थेंब थेंबच असतो आणि पहिले दोन-तीन दिवस तेवढाच लागतो, हे मला नंतर कळलं. ती आपली "एं कादू, एं कादू" करत होती. काही नाही गं, काही नाही.

बाकी सगळ्यांनी मला मत दिलं होतं. तिनं हात दिला. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही, ही चुटपुट अजून आहे.

घरी आल्यावर वेगळाच अध्याय. पारा ४३ वर. खिडक्या बंद, कानाला घट्ट बांधलेला रुमाल, बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा. पाणी मात्र बेतानं, बाळंतिणीनं जास्त प्यायलं की पोट सुटतं म्हणे! आधीच आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी, त्यात बाळंतिणीचा नंबर त्याच्याही मागून. आणि गंमत बघा, मला घोटघोट मोजून देणारी तीच माणसं बाळाला चमच्यानं पाणी पाजायला निघालेली, उन्हाळाय ना! आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. बाळाला पहिले सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा नाही. पाणी प्यायचं ते आईनं, तहान लागेल तेवढं. हे मी आजेसासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही काय बाळं वाढवली न्हाईत?" वाढवली की. पण त्या सगळ्यांना गड्ड्याच्या जत्रेच्या, थंडीच्या दिवसांत बाळंत झालेल्या धरायच्या आणि माझ्या मे महिन्याला जानेवारीची शेगडी लावायच्या.

आजीचं सगळंच मोडीत काढा असं मी म्हणत नाही. अळिवाचे लाडू मी चवीनं खाल्ले. सव्वा महिना कुणी झाडूला हात लावू दिला नाही, त्याची किंमत नोकरीवर परत गेल्यावर कळली. मालीशवाली मावशी यायची तो तासभर तर दिवसातला एकमेव असा, की घरात कुणीतरी मलाही हात लावतंय. तिला एवढंच सांगितलं, नाका-कानात तेल नको आणि नाळेला काही लावू नको. ती म्हणाली, "बरं बाई, तुमची नवी पद्धत." मधाचं बोट मात्र मी भांडून थांबवलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते, त्यात तडजोड नाही.

खरा आधार मिळाला लसीकरणाच्या बाकावर. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, त्याच त्याच बायका. लस दोन मिनिटांची, थांबणं दीड तासाचं, आणि त्या दीड तासात जे बोललं जायचं ते घरात कुणीच बोलत नव्हतं. टाके बसताना ओढतात. बोंडाला चिरा पडल्यात. नवरा शेजारी घोरत असतो तेव्हा उशी फेकून मारावीशी वाटते. एकदा एक पोरगी हळूच म्हणाली, "मला याला उचलावंसंच वाटत नाही." बाक गप्प. मग दुसरी म्हणाली, "मलाबी झालतं, दोन महिने." पहिल्या पंधरवड्यातलं रडू येतं आणि ओसरतं. त्यापुढेही राहिलं तर तो आजार आहे, त्याला उपचार आहेत. आशाताईंनी तिला बाजूला घेतलं आणि पुढच्याच दिवशी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, फुकट नंबर मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मराठीतही बोलतात.

या आशाताई बाळंतपणानंतर वजनकाटा घेऊन घरी येतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. आपण त्यांना चहासुद्धा धड विचारत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातूनच ही घरभेटीची पद्धत देशभर गेली. म्हणजे बाईनं बाईच्या घरी जाणं हा काही हळवेपणा नाही.

बाकही चुकतो, हेही सांगते. कावीळ झालेल्या बाळाला "कोवळं ऊन दाखव" असं आमच्यातल्याच एकीनं सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. ते बाळ पुढे दोन दिवस निळ्या लाइटखाली होतं. पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत गेला, बाळ पीत नाही, मलूल पडलंय, अंग गार किंवा तापलेलं, श्वास घेताना छाती आत जाते, असलं काही दिसलं की कुणाचा सल्ला घेत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

तर परवाच्या पोरीकडे वळते. बायका उठल्या, मी मागं रेंगाळले. विचारलं, दिवसात दुपटी किती ओली होतात? "आठ-नऊ." आणि काट्यावर? "वाढलंय." मग पुरतंय गं, आणखी काय पुरायचं! पोरगी हसली आणि लगेच रडायलाच लागली. मी चपला काढून परत आत बसले. बाळ मांडीवर घेतलं, तिला म्हटलं झोप. दोन तास झोपली. मधे तिची आई चहा घेऊन आली आणि दारातूनच विचारलं, "दूध प्यालं का बाळ?" मी म्हटलं, काकू, आधी तिला तांब्याभर पाणी आणा.