यशवंतराव नाशिकचेही खासदार होते!

परवा कोर्टात तारीख लांबली म्हणून बाररूममध्ये बसलो होतो, तर एका ज्युनिअरने विचारलं, सर, यशवंतराव चव्हाण तर कराडचे, मग आपल्या मुक्त विद्यापीठाला त्यांचं नाव कसं काय? खूप वाईट वाटलं. अरे, 1963 च्या पोटनिवडणुकीत हा माणूस आपल्या नाशिकमधून लोकसभेवर गेला आणि तोही बिनविरोध! चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री झाले होते तेव्हाची गोष्ट. नाशिकजवळच्या ओझरचा मिग लढाऊ विमानांचा कारखाना 1964 चा, तोही त्यांच्याच काळातला.

पण मला त्यांच्यातला तालुक्याचा वकील जास्त जवळचा वाटतो. 1932 ला पोरवयात अठरा महिन्यांची शिक्षा भोगली, नंतर पुण्यात लॉ केलं, 1941 ला डिग्री घेऊन कराडला वकिली सुरू केली आणि पुढच्याच वर्षी बेचाळीसची चळवळ आली, म्हणजे प्रॅक्टिस अशी किती झाली असेल? तरी वकिलाची समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय त्यांना आयुष्यभर राहिली असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे म्हातारा पक्षकार येतो, पिशवीतून घडीवर फाटलेला सातबारा काढतो आणि बांधाचं भांडण सांगायला सुरुवात करतो ती थेट भावाच्या लग्नापासून. अर्धा तास ऐकावं लागतं, मध्येच तोडलं तर दाव्याच्या कामाचं एकच वाक्य असतं तेच नेमकं राहून जातं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते सुरुवातीला लोकांसोबत उभे राहिले नाहीत, ते मला आजही पटत नाही, आमच्या आजोबांनी तर ते कधीच माफ केलं नाही. पण 1957 ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला, कराडला स्वतः कसेबसे निवडून आले, आणि तो कौल त्यांनी नीट ऐकला, दिल्लीच्या गळी उतरवला. 1 मे 1960 ला राज्य झालं त्यात लोकांच्या लढ्याचा वाटा मोठाच, पण या ऐकण्याचाही आहे. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र, 1979 ला उपपंतप्रधान, सगळं झालं.

माझे वडील ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या फी माफीवर शिकले, ती सवलत यशवंतराव मुख्यमंत्री असतानाची. आणि आई चाळिशीनंतर मुक्त विद्यापीठातून बीए झाली, रविवारी पहाटे स्वयंपाक उरकून अभ्यासकेंद्रावर जायची, पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली असायची. त्या ज्युनिअरला मी आईचं पदवी प्रमाणपत्रच दाखवलं मोबाईलवर, वर यशवंतरावांचं नाव आणि खाली आईचं.