जिजीचं ताट वेगळं करणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

आखाजीला चोपड्याला गेले तर जिजीचं, म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचं, ताट खिडकीत वेगळं ठेवलेलं, ग्लासावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, का तर बाकीच्या भांड्यांत मिसळू नये. जिजी हळूच म्हणाली, "मनं ताट येगळं कसाले ठेवं व माय?" सूनबाईला विचारलं तर तिने मोबाईल पुढे केला. समाजाच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड. त्यात म्हणे हिपॅटायटिस सी (व्हायरसने होणारा लिव्हरचा आजार, जिजीला तोच निघालाय) शिवल्याने आणि उष्ट्याने होतो, इलाज लाखोंचा आहे, काविळीची माळ घातली की आठ दिवसांत उतरतो, आणि नर्सना याचं ट्रेनिंग देणं म्हणजे पैशाचा चुराडा, हे काम फक्त मुंबईच्या लिव्हर स्पेशालिस्टचं.

मी स्टाफ नर्स आहे, 14 वर्षं वॉर्डात काढलीत, त्यामुळे हे वाचून डोकं फिरलं.

आधी ते शिवण्याचं. हा व्हायरस रक्तातून रक्तात जातो. वापरलेली सिरींज, न तपासलेलं रक्त, नीट साफ न केलेली अवजारं, गोंदणाची सुई. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, खोकल्याने होत नाही, म्हणून मी त्याच दिवशी जिजीच्या ताटात कळण्याची भाकरी कुस्करून तिच्यासोबत जेवले, सूनबाईसमोर. मेसेजमधे "विषाणू आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो" असं आहे, ते अर्धं खरं आहे हे मान्य करते, लॅबमधे सुकलेल्या थेंबात तो 6 आठवड्यांपर्यंत टिकलेला दिसलाय. पण म्हणून ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळे ठेवा ना, ताट कशाला? जिजीला कुठून झाला ते आता कोणी सांगू शकत नाही, पण तिच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनला रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या होत्या आणि तेव्हा हा व्हायरस कोणाला माहीतही नव्हता, तो सापडलाच 1989 मधे.

खर्चाचं लवकर आटपते. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत, साधारण 12 आठवड्यांचा कोर्स, शंभरात पंच्याण्णवच्या वर लोक बरे होतात. माळेचं म्हणाल तर नव्याने लागण झालेल्यांपैकी साधारण 30 टक्के लोकांचा व्हायरस पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो, माळ घाला नाहीतर नका घालू. बाकीच्यांचं लिव्हर आतून गुपचूप खराब होत राहतं आणि गळ्यात माळ असते.

आता नर्सचं, ज्याचा मला खरा संताप आहे. जिजीचं निदान मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत झालं. त्या खासगी दवाखान्यात फाईलवर मोठा लाल स्टिकर लावला, ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं, सिस्टर गोळ्या पलंगाच्या कडेला टाकून लांब सरकायची. आणि तीच सिस्टर त्याच वॉर्डात माझ्या डोळ्यांदेखत एका मोठ्या बाटलीतून औषध काढताना सुई बदलत होती पण सिरींज तीच! म्हणजे जिथे धोका नाही तिथे दोन ग्लोव्हज आणि जिथे खरा धोका तिथे बिनधास्त, त्या बिचारीला कोणी शिकवलंच नव्हतं. ट्रेनिंग याच्यासाठी पाहिजे.

आणि नर्सच्याने इलाज होत नाही म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतला असेंड नावाचा अभ्यास पाहावा, 2017 मधे छापून आलाय. वॉशिंग्टनमधे 600 पेशंट, काही नर्स प्रॅक्टिशनरकडे, काही साध्या डॉक्टरांकडे, काही स्पेशालिस्टकडे. साध्या डॉक्टरांना आणि नर्सना ट्रेनिंग किती, तर 3 तास. नर्सकडचे 89.3 टक्के बरे झाले, स्पेशालिस्टकडचे 83.8. आता तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण आमच्यापेक्षा जास्त असतं आणि त्यांना औषध लिहून द्यायचा अधिकार असतो हे खरं, आणि लिव्हर पार आकसलेलं असेल, पोटात पाणी झालं असेल तर स्पेशालिस्टच लागतो, मी कुठे नाही म्हणतेय. पण साध्या केसला चोपड्याहून मुंबईला पळवायचं? म्हातारं माणूस दोन खेपांत इलाजच सोडून देतं.

जिजीचंच सांगते. सरकारी दवाखान्यात ट्रेनिंग झालेल्या सिस्टरने तिला घरच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. बीपीची, कॅल्शियमची, आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती ॲसिडिटीची ओमेप्राझोल. हिपॅटायटिसच्या गोळीतलं वेलपाटासविर त्या ओमेप्राझोलमुळे अंगी कमी लागतं. सिस्टरने डॉक्टरांना दाखवून ती तिथल्या तिथे बंद करून घेतली, नाहीतर आम्ही रोज आधी ओमेप्राझोल आणि मग ती गोळी असंच देत बसलो असतो.

रोज एक अशा 84 गोळ्या, त्यातल्या 31 उरल्यात. कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए टेस्ट करायची, त्यात व्हायरस नाही दिसला की जिजी बरी. अँटीबॉडीची, म्हणजे शरीराने व्हायरसशी लढायला बनवलेल्या प्रथिनांची, साधी टेस्ट मात्र त्यानंतरही पॉझिटिव्हच येत राहील, तेव्हा तो रिपोर्ट ग्रुपवर टाकून पुन्हा कोणी तिचं ताट उचलू नका.